मार्फत : आंतरजालावरील पत्ता आणि त्यामागचा माणूस

२००७ साल उजाडत असतानाची एक घटना आहे. विकिपीडियावर एका विशिष्ट आयपी पत्त्यावरून वारंवार खोडसाळ मजकूर टाकला जात होता. तेथल्या एका स्वयंसेवी प्रचालकाने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्या पत्त्यावर बंदी घातली. ८२.१४८.९७.६९ हा तो पत्ता. अशा बंद्या विकिपीडियावर रोज घातल्या जातात आणि त्यांची कोणी दखलही घेत नाही. या वेळी मात्र थोड्याच काळात ध्यानात आले की, हा पत्ता कोणा एका खोडसाळ माणसाचा नव्हता. कतार देशात तेव्हा इंटरनेट पुरवणारी क्यूटेल ही एकच कंपनी होती आणि तिच्या ग्राहकांची वाहतूक प्रॉक्सी यंत्रणेतून बाहेर पडत होती. बाहेरच्या जगाला जवळजवळ सारा देश त्या एका पत्त्यामागे उभा असलेला दिसे. परिणामी, खाते न उघडता विकिपीडियात लिहिण्याची मुभा काही तासांपुरती एका अख्ख्या देशाला नाकारली गेली. प्रकार लक्षात आल्यावर बंदी उठली.

या घटनेकडे एक तांत्रिक गंमत म्हणून पाहता येईल आणि तेव्हा अनेकांनी तसे पाहिलेही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला तीत एक जुनाच प्रश्न नव्या वेषात दिसावा. मजकुरामागे लिहिणारा असतो आणि मजकुरावर कोठला तरी पत्ता असतो. हे दोन्ही एकच आहेत असे आपण कोणत्या आधारावर धरून चालतो? फायरवॉल, प्रॉक्सी आणि पत्ताबदल या तीन यंत्रणांनी गेल्या तीन दशकांत माणूस आणि पत्ता यांच्यामधला दुवा सैल केला. तो का आणि कसा सैल झाला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे : या यंत्रणांनी माणसाची ओळख नाहीशी केली नाही, तिने केवळ जागा बदलली. ती पाकिटावरून निघून मध्यस्थाच्या वहीत गेली. म्हणून 'ओळख लपली की नाही' या प्रश्नापेक्षा 'वही कोणाच्या ताब्यात आहे आणि ती कितपत खरी आहे' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या व्यवस्थेसाठी मराठीत एक नेमका शब्द फार पूर्वीपासून आहे. मुंबईच्या गिरणगावातील चाळींत एकेका खोलीत कोकणातून किंवा घाटावरून आलेले अनेक कामगार राहत. गावाहून येणाऱ्या पत्रावर आधी कामगाराचे नाव असे, त्याखाली 'मार्फत' असे लिहून खोलीवाल्याचे नाव आणि मग चाळीचा पत्ता. पोस्टमनचे ज्ञान खोलीच्या उंबऱ्यापर्यंत. आत कोण राहतो, कोण गावी गेला, कोणी खोली सोडली हे खोलीवाला जाणे. संगणकाच्या जगातील प्रॉक्सी म्हणजे हा खोलीवालाच होय. 'प्रॉक्सी' हा इंग्रजी शब्दही मुखत्यारी या अर्थाच्या एका जुन्या शब्दाचे आकुंचित रूप आहे. महाविद्यालयातील वाचकांना तो हजेरीपटामुळे परिचित आहेच. तेथेही एकाच्या आवाजामागे दुसरा माणूस असतो आणि प्राध्यापकांच्या वहीत मात्र तिसरेच सत्य नोंदले जाते.

पाकिटावरचे दोन पत्ते

आंतरजालाचे तांत्रिक संकेत 'आरएफसी' या नावाच्या क्रमांकित टिपणांतून प्रसिद्ध होतात. त्यांतील ७९१ क्रमांकाच्या, सप्टेंबर १९८१ मधील टिपणाने आज 'आयपीव्ही४' म्हणून ओळखली जाणारी पत्तापद्धती निश्चित केली. माहितीचे तुकडे करून पाठवायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते लिहायचे, ही तिची रीत. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने हीच पद्धती स्वीकारली.

साध्या टपालात पाठवणाऱ्याने आपला पत्ता न लिहिता पत्र पेटीत टाकले तरी ते पोचते. निनावी पत्राची सारी परंपरा या सवलतीवर उभी आहे. आंतरजालावर ही सवलत जवळजवळ नाही. एखादे संकेतस्थळ पाहायचे म्हणजे मागणी करून उत्तराची वाट पाहायची. उत्तर हवे तर ते कोठे पाठवायचे हे सांगावेच लागते. म्हणजे येथे लपू पाहणाऱ्याला दोनच मार्ग उरतात. एक तर उत्तराची आशा सोडायची, नाही तर उत्तर स्वीकारून आपल्यापर्यंत आणून देणारा कोणी मध्यस्थ गाठायचा. पुढचा सारा इतिहास या दुसऱ्या मार्गाचा आहे.

नव्या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा होता. म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. जगाची तेव्हाची लोकसंख्या याहून थोडी अधिकच होती, पण विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि लष्करी कार्यालये यांतील मोजक्या संगणकांसाठी ही संख्या अफाट वाटत होती. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असेल आणि कोणतेही यंत्र कोणत्याही यंत्राशी थेट बोलेल, हे त्या जाळ्याचे मूळ तत्त्व होते. झाकण्यासारखे काही आहे, असे कोणाच्या मनात नव्हते. बहुतेक लोक एकमेकांना ओळखत होते.

भिंत आणि दाराशी बसलेला

या विश्वासाला पहिला मोठा तडा २ नोव्हेंबर १९८८ रोजी गेला. कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सोडलेल्या, स्वतःच्या नकला करत पसरणाऱ्या आज्ञावलीने जाळ्यावरील हजारो संगणक ठप्प केले. इतिहासात ती 'मॉरिस वर्म' म्हणून नोंदली गेली आहे. त्यानंतर संस्थांनी आपापल्या जाळ्याभोवती कुंपण घालणे हे ओघानेच आले. एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेतील बिल चेस्विक यांनी १९९० मध्ये अशा सुरक्षित प्रवेशद्वाराच्या रचनेवर निबंध लिहिला. १९९४ मध्ये त्यांनी आणि स्टीव्हन बेलोव्हिन यांनी या विषयावरील पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक प्रसिद्ध केला. इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून बांधतात त्या भिंतीचे नाव, फायरवॉल, या व्यवस्थेला मिळाले.

भिंत उभी राहिली आणि आतल्यांची अडचण झाली. नेमक्या त्याच वर्षांत वर्ल्ड वाइड वेब जन्माला येत होते आणि भिंतीआडच्या संशोधकाला त्या नव्या जगात पाऊल टाकता येत नव्हते. यावर तोडगा म्हणून दाराशी एक यंत्र बसवण्यात आले. आतल्याने आपली मागणी त्याला सांगायची, त्याने ती स्वतःच्या नावाने बाहेर न्यायची आणि आलेले उत्तर आत आणून द्यायचे. मे १९९४ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या वेबच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी वेबसाठीच्या अशा प्रॉक्सीवर निबंध सादर केला. तेथे भर होता तो भिंतीपलीकडे जाण्याच्या सोयीवर आणि एकदा आणलेले पान साठवून दुसऱ्याला देण्याच्या काटकसरीवर. बाहेरच्या संकेतस्थळाला मूळ वाचक दिसत नाही, प्रॉक्सीच दिसतो, हा या सोयीचा आनुषंगिक परिणाम होता.

या परिणामाची अडचण लौकरच जाणवू लागली. 'स्क्विड' या प्रॉक्सी आज्ञावलीच्या कर्त्यांनी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' नावाची एक ओळ रूढ केली. मागणी पुढे पाठवताना 'ही मूळ अमुक पत्त्यावरून आली' असे प्रॉक्सीने तीत लिहायचे. चाळीच्या पत्रावरील 'मार्फत' ही ओळ येथे उलट दिशेने अवतरली. परंतु ती लिहिणे सर्वस्वी मध्यस्थाच्या मर्जीवर राहिले. तो खरा पत्ता लिहू शकतो, काहीच न लिहिता राहू शकतो, किंवा खोटाही लिहू शकतो. विकिपीडियाला पुढे ज्यांच्या शब्दावर भरवसा ठेवता येईल अशा प्रॉक्सींची यादीच बाळगावी लागली. पत्त्याचा खरेपणा असा हळूहळू मध्यस्थाच्या पतीवर येऊन ठेपला.

टंचाईतून आलेला आडोसा

वेबचा प्रसार होताच पत्ते अपुरे पडणार हे स्पष्ट झाले. मे १९९४ मध्येच केल्ड इगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ या टिपणात पत्ताबदलाची, म्हणजे 'नॅट'ची, कल्पना मांडली. संस्थेच्या आत हवे ते खासगी पत्ते वापरावेत, ते बाहेर दिसू नयेत आणि सीमेवरील राउटरने जाता-येता पाकिटावरचा पत्ता बदलावा, असा तिचा आशय होता. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ ने अशा खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातील राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे जे पत्ते वाटतो, ते त्यांतलेच. लक्षावधी घरांत तेच पत्ते एकाच वेळी नांदतात. प्रत्येक गावात एक मारुतीचे देऊळ असावे आणि 'मारुतीच्या देवळाजवळ' हा पत्ता गावातल्या गावात पुरेसा व्हावा, तसे हे आहे.

या कल्पनेच्या पुढच्या रूपात पत्त्याबरोबर 'पोर्ट' क्रमांकही बदलला जाऊ लागला. पोर्ट म्हणजे यंत्रातील निरनिराळ्या संवादांना दिलेले क्रमांक. ते ६५,५३६ इतके असू शकतात. समजा, घरातील तिघे एकाच वेळी एकच संकेतस्थळ पाहत आहेत. राउटर तिघांच्या पाकिटांवर घराचा एकच बाहेरचा पत्ता घालतो, पण प्रत्येकाला वेगळा पोर्ट क्रमांक देतो आणि कोणता क्रमांक कोणाचा हे स्वतःच्या तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते योग्य यंत्राकडे वळवतो. संवाद संपून काही काळ गेला की ती नोंद पुसली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते एक घर. आतले तीन जीव केवळ त्या तक्त्यात वेगळे असतात.

या सर्व खटाटोपामागे खासगीपणाचे रक्षण हा हेतू नव्हता, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. आरएफसी १६३१ च्या कर्त्यांनी आपल्या उपायाचे दोष समारोपात प्रामाणिकपणे मोजले आहेत. त्यांत, या पद्धतीने यंत्रांची ओळख झाकली जाते, याने खासगीपणाचा लाभ होत असला तरी एकंदरीत हा तोटाच समजावा, अशा आशयाची नोंद आहे. आज कित्येकांना जो आडोसा वाटतो, तो त्याच्या निर्मात्यांच्या लेखी दोष होता आणि टंचाईची तात्पुरती मलमपट्टी म्हणून पत्करलेला होता. इतिहासात हेतू आणि फल यांची अशी फारकत वारंवार आढळते. येथे तिचा परिणाम असा झाला की, कोट्यवधी माणसांना जो खासगीपणा मिळाला तो कोणी हक्क म्हणून दिलेला नव्हता. टंचाई संपताच तो काढून घेतला जाणे शक्य होते.

वही राखणारे

ओळख मध्यस्थाच्या वहीत जाते म्हणजे काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला फिनलंडमध्ये सापडतो. योहान हेलसिंगियस यांनी १९९३ मध्ये 'अनॉन.पेनेट.एफआय' ही सेवा सुरू केली. तिच्याकडे ई-पत्र पाठवले की, ती पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता काढून टाकी, त्या जागी एक क्रमांक घाली आणि पत्र पुढे धाडी. त्या क्रमांकावर आलेले उत्तर मूळ माणसाकडे परत येई. साहजिकच, कोणता क्रमांक कोणाचा याची वही हेलसिंगियस यांना ठेवावी लागली. अत्याचार सोसलेल्या व्यक्ती, व्यसनांतून बाहेर पडू पाहणारे, आपल्याच संस्थेविरुद्ध बोलू इच्छिणारे अशा अनेकांनी या सेवेचा आश्रय घेतला. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून फिनिश पोलिसांनी हेलसिंगियस यांच्याकडे एका वापरकर्त्याची ओळख मागितली. सारी वही जप्त होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी ते एक नाव दिले. पुढच्या वर्षी न्यायालयाने अशी माहिती देणे त्यांना बंधनकारक असल्याचा निर्णय दिला आणि ३० ऑगस्ट १९९६ रोजी त्यांनी सेवा बंद केली. तिचे तेव्हा सुमारे सात लाख नोंदणीकृत वापरकर्ते होते. इतक्या माणसांची सुरक्षितता एका माणसाच्या सचोटीवर आणि एका संगणकावर अवलंबून होती. सचोटी टिकली, पण कायद्यापुढे तिचे बळ किती तोकडे असते, हेही दिसले.

टोपणनावाच्या इतिहासाशी परिचय असणाऱ्याला हा पेच अनोळखी वाटणार नाही. १७६९ ते १७७२ या काळात लंडनच्या 'पब्लिक ॲडव्हर्टायझर' या पत्रात 'जुनियस' या नावाने राजसत्तेवर घणाघाती टीका करणारी पत्रे प्रसिद्ध झाली. मुद्रक हेन्री सॅम्पसन वूडफॉल आणि जुनियस यांचा पत्रव्यवहार कॉफीगृहांच्या मार्फत चाले. राजाला उद्देशून लिहिलेल्या पत्राबद्दल खटला झाला तो वूडफॉल यांच्यावर. वही उघडून दाखवायची म्हटले तरी तीत नाव नव्हते, कारण त्यांनाही ते ठाऊक असल्याचे दिसत नाही. जुनियस कोण, याविषयी फिलिप फ्रान्सिस यांच्याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल असला तरी वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

आपल्याकडे १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे सक्तीचे केले. सरकारला लेखक सापडो वा न सापडो, पत्ता सापडलाच पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त 'शिवाजीचे उद्गार' ही कविता भवानी तलवारीच्या निशाणीच्या टोपणसहीने आली. ही कविता आणि त्याच अंकातील शिवाजी उत्सवाचा वृत्तांत यांवरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो संपादक लोकमान्य टिळकांवर. त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. टोपणनावापाशी पोचता आले नाही की सत्ता पत्त्यापाशी थांबते आणि तेथे जो उभा असेल त्याला जबाबदार धरते. टिळकांनी ती जबाबदारी जाणूनबुजून स्वीकारली होती. ज्याला आपण मध्यस्थ आहोत, किंवा आपला पत्ता दुसऱ्या कोणाच्या मजकुरावर उमटला आहे, याचा पत्ताच नाही, अशा माणसाचे काय?

पत्ता बरोबर, माणूस चुकीचा

हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑगस्ट २००७ अखेर पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर टाकल्याचा आरोप त्याच्यावर होता. मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पोलिसांना मिळाला होता. त्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, ही माहिती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने दिली होती. ती चुकीची निघाली. असे पत्ते ग्राहकांना कायमचे दिलेले नसतात, आज एकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे जातात; अशा स्थितीत वहीची एक ओळ चुकली की निरपराध माणूस पुढे येतो. त्या अभियंत्याला सुमारे पन्नास दिवस तुरुंगात काढावे लागले. येथे कोणी कोणाला लपवले नव्हते. वहीत जे लिहिले आहे ते खरेच असणार, या समजुतीने सारे घडले.

पुढच्याच वर्षी मुंबई परिसराने या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली. २६ जुलै २००८ च्या अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या वेळी प्रसारमाध्यमांना आलेले ई-पत्र नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेतून गेल्याचे आयपी पत्त्यावरून दिसले. तेथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते आणि त्यांच्या वायफायला पुरेसे संरक्षण नव्हते. बाहेरच्याच कोणी तरी ते वापरले होते. त्यानंतरची तशीच पत्रे माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि मग चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्यातून गेली. घरातल्या राउटरचा जो तक्ता आतल्यांना वेगळे ओळखतो, तो यंत्रे ओळखतो. भिंतीपलीकडे, रस्त्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस त्याच्या लेखी घरातलाच असतो. पत्ता अगदी बरोबर होता. त्या पत्त्यावर राहणाऱ्याचा मात्र गुन्ह्याशी संबंध नव्हता.

या घटना आणि कतारची घटना यांत एक साम्य आहे. तिन्ही ठिकाणी पत्ता हेच नाव समजले गेले. एके ठिकाणी एकाच्या खोडीची शिक्षा सर्वांना झाली, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच्या कृत्याची शिक्षा एकाला झाली, तिसऱ्या ठिकाणी पोलिसांना दारापाशी पोचूनही आत हवा तो माणूस मिळाला नाही. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमध्येही याची पुनरावृत्ती झाली. इंटरनेट वॉच फाउंडेशन या संस्थेने एका आक्षेपार्ह चित्रामुळे विकिपीडियाचे एक पान काळ्या यादीत घातले. ते अडवण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्यांनी विकिपीडियाकडे जाणारी आपली वाहतूक मोजक्या प्रॉक्सींतून वळवली. त्याबरोबर असंख्य ब्रिटिश वाचक विकिपीडियाला मूठभर पत्त्यांत कोंबलेले दिसू लागले आणि त्यांतल्या निनावी संपादकांना लिहिण्यापासून अडवावे लागले. एक पान झाकायला गेलेल्या यंत्रणेने वाचकांनाच एकमेकांपासून अभिन्न करून टाकले. चार दिवसांनी, ९ डिसेंबरला, ते पान यादीतून काढण्यात आले.

वही मोठी होते

राज्यसंस्थांनी यातून धडा घेतला तो वही अधिक काटेकोर करण्याचा. भारत सरकारच्या २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेचालकाला प्रत्येक ग्राहकाचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवणे आणि ती किमान एक वर्ष जपणे सक्तीचे केले. दोन ग्राहकांमधला आडपडदा जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसावा, असेही त्या नियमांत आहे. पडद्याची उंची फुटांत मोजणारा हा कायदा वाचताना, लपणे ही गोष्ट अजूनही लाकूड-काचेची आहे असे क्षणभर वाटते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्याचे निर्देश दिले. वही न ठेवणे हेच ज्यांचे आश्वासन होते अशा काही कंपन्यांनी त्यानंतर आपले सर्व्हर भारतातून हलवले.

दरम्यान टंचाई टोकाला गेली होती. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांचा केंद्रीय साठा संपला. मोबाइल कंपन्यांनी मग घरातली युक्ती अख्ख्या शहरांना लागू केली : कंपनीच्या पातळीवरचा पत्ताबदल. एप्रिल २०१२ मधील आरएफसी ६५९८ ने त्यासाठी पत्त्यांचा वेगळा पट्टाच राखून ठेवला. आता एका पत्त्यामागे एक घर नसते, शेकडो अनोळखी माणसे असू शकतात. जून २०११ मधील आरएफसी ६३०२ ने संकेतस्थळांना बजावले होते की, नुसता पत्ता नोंदवून भागणार नाही. पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळही लिहून ठेवा. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपच्या युरोपोल या पोलिस संघटनेने, या पद्धतीमुळे गुन्हेगार सापडत नाही आणि त्याच पत्त्यावरचे निरपराध लोक चौकशीच्या जाळ्यात येतात, अशी जाहीर तक्रार करून ही पद्धती संपवण्याची मागणी केली. तक्रारीचे हे दोन भाग एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत.

वही वाटून घेणे

वहीशिवाय मध्यस्थी शक्य आहे काय? याचे सैद्धांतिक उत्तर आयपीव्ही४ च्याही आधीचे आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये डेव्हिड चॉम यांनी एका निबंधात सुचवले की, मध्यस्थ एक नसावा, अनेक असावेत. पत्र अनेक पाकिटांत एकात एक बंद करावे. प्रत्येक मध्यस्थाने आपल्या वाट्याचे पाकीट उघडावे आणि आतले पुढे द्यावे. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, पण ते कोठे चालले हे ठाऊक नाही. शेवटच्याला ठिकाण ठाऊक, पण पाठवणारा नाही. वही नाहीशी होत नाही, ती वाटली जाते आणि कोणा एकाच्या हाती सारी पाने येत नाहीत. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यास याच धर्तीवर 'ओनियन राउटिंग' विकसित झाले आणि त्यातून पुढे 'टॉर' हे जाळे उभे राहिले. ते जाळे केवळ नौदलापुरते ठेवले असते तर त्यातून येणारे प्रत्येक पाकीट नौदलाचेच, हे उघड झाले असते. म्हणून ते सर्वांना खुले करणे हे नौदलाच्याही हिताचे होते. लपायला गर्दी लागते आणि गर्दीत सर्व प्रकारची माणसे असतात, हे येथे पत्करावे लागते. टॉरचा उपयोग पत्रकार करतात तसाच गुन्हेगारही करतात.

टंचाईने दिलेला आडोसा टंचाईबरोबर जातो, याचाही प्रत्यय आला. डिसेंबर १९९८ मध्ये निश्चित झालेल्या आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देऊनही ते संपणार नाहीत. परंतु सुरुवातीच्या रूढ पद्धतीत यंत्राचा जाळ्याशी जोडणीचा कायमचा क्रमांकच या पत्त्यात गुंफला जाई. माणूस घरून कचेरीत, कचेरीतून परगावी गेला तरी पत्त्याचा शेवटचा भाग तोच राहून त्याची पाठ धरू शके. जानेवारी २००१ मधील आरएफसी ३०४१ ने मग सहेतुक उपाय सुचवला : हा भाग यदृच्छेने बनवावा आणि काही काळाने बदलावा. १९९४ मध्ये जो 'तोटा' म्हणून नोंदला गेला होता, तो सात वर्षांनी मुद्दाम रचून मिळवावा लागला. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची जागा, मला वाटते, हीच आहे. अपघाताने लाभलेली गोष्ट मूल्य म्हणून ओळखली गेली ती येथे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने, संबंधित माणसापर्यंत पोचण्याचे कायदेशीर साधन उपलब्ध असेल तर बदलता आयपी पत्ताही व्यक्तिगत माहिती ठरू शकतो, असा निर्णय दिला. म्हणजे पत्ता हा माणूस नव्हे, पण मध्यस्थाची वही जोडली की तो माणसाकडे बोट दाखवू शकतो. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. हा हक्क आंतरजालावर कितपत खरा ठरतो, हे वहीत काय लिहावे, किती काळ ठेवावे आणि ती कोणी, कोणाच्या परवानगीने उघडावी या रूक्ष वाटणाऱ्या तपशिलांत ठरणार आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला संहितेवरच्या नावाकडे संशयाने पाहायला आपण शिकवतो. नाव म्हणजे लिहिणारा नव्हे, निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे पहिल्याच वर्षी सांगतो. पत्त्याच्या बाबतीत मात्र सुशिक्षित समाजही अजून भाबडा आहे. आकड्यांत लिहिलेला असल्यामुळे तो निःसंशय वाटतो. वस्तुतः तोही एक पाठ आहे, कोणा कारकुनाने किंवा यंत्राने लिहिलेला, चुकू शकणारा, आणि कोणाच्या तरी मार्फत आपल्यापर्यंत आलेला. त्या बंगळूरच्या तरुणाचे पन्नास दिवस तो पाठ न तपासता वाचल्यामुळे गेले.